उरलेली एकेचाळीस मिनिटं

माणूस अंतरात फसवत नाही, वेळेत फसवतो, असं मोजणीकाकांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून बनवलं होतं. अंतराला दोन टोकं असतात, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकता येतात आणि खुंटी खोटं बोलत नाही. वेळेला खुंटी ठोकायची कुठे? म्हणूनच समोरच्या विमा एजंटाने आपलं विमानाचं वापरलेलं तिकीट कौतुकाने दाखवायला आणलं आणि त्यावर ‘प्रवासाचा कालावधी एक तास दहा मिनिटे’ असं छापलेलं दिसलं, तेव्हा काकांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं आणि आत जाऊन बायकोला सांगितलं, “अगं, यात कुठेतरी पाणी मुरतंय.”

काकूंनी कणीक मळता मळता विचारलं, की तिकीट त्याचं, प्रवास त्याचा, पाणी मुरलं तर तुम्हाला का ओल लागते? याचं उत्तर काकांकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

कारण ते विमान लेकीच्या गावाला जाऊन येत होतं. दोन गावांच्या मध्ये डोंगर. घाटाच्या रस्त्याने बसला अकरा तास लागायचे. लग्नानंतर सहा वर्षं लेक त्या बसने, वळणावळणाला पोट सांभाळत, वर्षातून चारदा माहेरी यायची. मग दोन्ही गावांना विमानतळ झाले. विमानतळ म्हणजे काय, तर एक धावपट्टी, एक पत्र्याच्या छपराची इमारत आणि दिवसाला एक पंख्याचं विमान. पण विमानतळच तो. जावई त्यांच्या गावच्या विमानतळावर सामान विभागात पर्यवेक्षक म्हणून लागले. सगळी बिल्डिंग म्हणाली, काका, आता काय, लेक भाजी आणायला निघेल ती इथे येऊन जाईल. काकांनीही ते चारचौघांत दहा वेळा सांगितलं.

त्याला चौदा महिने झाले होते. लेक एकदाही आली नव्हती. चार वेळा यायचं ठरलं आणि चारही वेळा ऐन दिवशी तिचा फोन आला, “बाबा, विमान रद्द झालं.”

अकरा तासांवर होती तेव्हा चारदा येणारी पोर तासावर आल्यावर एकदाही का येत नाही, हा खरा प्रश्न होता. पण माणसाला जे मोजायचं धाडस होत नाही, त्याच्या शेजारचं काहीतरी तो मोजत बसतो. काकांनी विमान मोजायला घेतलं.

त्यांनी काकूंच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा काढला, भिंतीवरच्या नकाशावर या गावापासून त्या गावापर्यंत ताणून धरला, पट्टीवर मोजला आणि प्रमाणाने गुणून काढला. सरळ रेषेत दोनशे बेचाळीस किलोमीटर. विमा एजंटाच्या मोबाइलवर हे अंतर एका क्षणात मिळालं असतं, पण मोबाइलने कधी उन्हात मोजणीची साखळी ओढली होती? विमानाचा वेग एजंटाने वैमानिकाच्या तोंडून ऐकला होता, ताशी पाचशे. म्हणजे एकोणतीस मिनिटं. सत्तरातून एकोणतीस गेली, उरली एकेचाळीस. एवढा वेळ हे विमान करतं काय?

बरं, तिकिटाच्या मागच्या बाजूला परतीचा कालावधी होता पंचावन्न मिनिटं. हे वाचून तर काकांचं डोकंच फिरलं. इकडून तिकडे जेवढं, तेवढंच तिकडून इकडे, हे ते मोजणी खात्यात नव्याने लागलेल्यांना पहिल्या दिवशी शिकवायचे. त्यावर कित्येक भाऊबंदक्या मिटल्या होत्या.

सल्ले द्यायला बिल्डिंगमध्ये उंटावरचे शहाणे कमी नव्हते. त्यातले दोन रोज संध्याकाळी काकांकडे चहाला असायचे. विमा एजंटाचं म्हणणं, वैमानिक वर गेल्यावर इंजिन बंद करून विमान तरंगत नेतात आणि वाचलेलं इंधन बाहेर विकलं जातं. त्याने स्वतः ऐकलं होतं, मध्येच आवाज कमी झाला होता. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना हे पटलं नाही. ते म्हणाले, पृथ्वी फिरते आहे हे तुम्ही लोक विसरता. विमान वर गेलं की गाव खालून सरकतं. जाताना गाव पुढे पळतं, येताना आपणहून जवळ येतं. यावर काकूंनी विचारलं, मग विमान जागच्या जागी वर चढून थांबलं तर लेकीचं गाव आपोआप खाली येईल का? हेडमास्तरांनी बराच विचार केला आणि तत्त्वतः येईल, असं सांगितलं. काकांनी दोघांवरही विश्वास ठेवला नाही. ते दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून विमानतळावर गेले.

चौकशीच्या खिडकीत निळा स्कार्फ बांधलेल्या बाई होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. विमानाचं दार लागल्यापासून दार उघडेपर्यंतचा वेळ धरतात, असं त्या म्हणाल्या. जमिनीवरचं चालणं, डोंगरासाठी उंची घेणं, समोरचा वारा, सगळं त्यात येतं. काकांनी मान हलवली. चौतीस वर्षांत त्यांनी अशा खूप सबबी ऐकल्या होत्या, पण ज्याची हद्द सरळ असते तो एक कारण देतो, ज्याने बांध कोरलेला असतो तो चार देतो. त्यांनी अधिकृत अंतर मागितलं. बाई म्हणाल्या, त्यासाठी लेखी अर्ज करावा लागेल.

लेखी म्हटल्यावर काकांना बरं वाटलं. अर्जात एक रकाना होता, ‘अर्जदाराचा संबंध: प्रवासी, मालवाहतूकदार, इतर’. काकांनी ‘इतर’वर खूण केली. खाली ‘इतर असल्यास खुलासा’ असं होतं. तिथे त्यांचा हात आपोआप ‘बाप’ लिहून गेला. मग तो शब्द खोडून त्यांनी ‘नागरिक’ लिहिलं. अर्जात तीन मुद्दे होते: अंतर किती, वेळ इतका का, आणि तिसरा, अगदी शेवटी, बारीक अक्षरात, खालील चार तारखांना विमान कोणत्या कारणाने रद्द झालं.

अर्ज एकदा परत आला, कारण त्यांनी काळ्या शाईऐवजी निळी वापरली होती. दुसऱ्यांदा परत आला, कारण खाडाखोडीवर सही नव्हती. ‘बाप’वर सही करताना काकांना जरा विचित्रच वाटलं. बावीस दिवसांनी उत्तर आलं.

ते त्यांनी जिन्यातच उघडलं. मुद्दा एक, उभय विमानतळांमधील हवाई अंतर एकशे एकतीस सागरी मैल. सागरी? समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर होता. काकांनी जिन्यात उभ्या उभ्याच मैलांचे किलोमीटर केले. दोनशे बेचाळीस आणि थोडं वर. दोरा बरोबर होता. मुद्दा दोन, वेळ नियमानुसार आहे. मुद्दा तीन, उल्लेखित चारही दिवशी विमान नियोजित वेळी सुटले.

ती ओळ काकांनी तीनदा वाचली. मग कागदाची चौघडी करून खिशात ठेवली आणि वर जाऊन काकूंना फक्त सागरी मैलांचं सांगितलं. काकू हसल्या. काका हसले नाहीत. त्या दिवशी ते जेवले अर्धं आणि म्हणाले, उकडतंय.

लेक खोटं बोलते हे मनाला पटेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग संशयाला दुसरं घर शोधावं लागतं, आणि ते जवळच होतं. जावई! विमानतळावर पर्यवेक्षक असलेला माणूस घरात बसून सांगतो विमान रद्द झालं, तर बायको कुठे पडताळून पाहणार? काकांना आता मागचं सगळं आठवायला लागलं. जावई फोनवर नेहमी थोडक्यात बोलतात. लग्नात फोटो काढताना बाजूला बघत होते. विमा एजंटाला त्यांनी आडून आडून विचारलं, की समजा, एखाद्या घरी सुनेला माहेरी पाठवत नसतील तर? ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नव्हता. एजंटाने लगेच आवाज खाली आणला आणि सांगितलं की असले लोक वरून फार गोड असतात. जावई गोड होतेच. काकांची खात्री पटली.

“आपण जायचं,” त्यांनी काकूंना सांगितलं. “विमानाने. न कळवता. एकदम दारात उभं राहायचं.”

काकूंनी विचारलं नाही की का. त्यांनी बॅग काढली. तिकडे जायचं म्हणून त्या चौदा महिने वाट बघत होत्या. बोलावल्याशिवाय जायचं नाही, हा हट्ट काकांचाच होता.

सगळं गुपचूप ठरलं. पण काकांना दोन रात्री झोप लागेना. चौतीस वर्षांत त्यांनी एकही पाहणी पूर्वसूचनेशिवाय केली नव्हती. लगतच्या लोकांना नोटीस दिल्याशिवाय साखळी उलगडायची नाही, नाहीतर ती मोजणी नव्हे, चोरी. शेवटी सवयीने घात केला. तिसऱ्या सकाळी त्यांनी कागद घेतला आणि जावयांच्या नावे लिहिलं: ‘येत्या गुरुवारी सकाळच्या विमानाने प्रत्यक्ष पाहणीसाठी येत आहोत. सर्व संबंधितांनी जागेवर हजर राहावे. गैरहजर राहिल्यास पाहणी एकतर्फी करण्यात येईल.’ खाली सही, तारीख. काकूंनी ते पोस्टात टाकण्याआधी तळाशी लिहिलं, ‘बाकी सर्व ठीक. माझा गुडघा बरा आहे. आई.’

गुरुवारी विमानात काकूंना खिडकी मिळाली, काकांना मधली जागा आणि पलीकडे एक अनोळखी सभ्य गृहस्थ. काकांनी मांडीवर वही उघडली. दार लागलं तशी त्यांनी घड्याळात बघून वेळ टिपली. विमान जमिनीवर रेंगाळत निघालं, कोपऱ्यावर थांबलं, वळलं, पुन्हा थांबलं. काकांनी लिहिलं, ‘जमिनीवर अकरा मिनिटे.’ एकेचाळिसातली अकरा सापडली होती. त्यांना हुरूप आला.

मग विमानाने जी धाव घेतली आणि जमीन जी सुटली, ती काकांच्या पोटासकट सुटली. ज्या जमिनीच्या जिवावर त्यांनी आयुष्य काढलं, ती एका खिडकीएवढी झाली. डोंगरावर वारा होता. विमान बसच्या खड्ड्यात गेल्यासारखं खाली गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा गेलं. काकू म्हणाल्या, “अहो, बघा ना, नदी कशी दिसतेय.” काकांनी डोळे घट्ट मिटले होते. किती मिनिटं उंची घेतली, किती वेळ घिरटी घातली, वारा समोरून होता की मागून, यातलं काहीही कोणत्याही वहीत लिहिलं गेलं नाही. चाकं टेकली तेव्हा पलीकडचे गृहस्थ अगदी अदबीने म्हणाले, “काका, आता माझी बाही सोडाल का?”

जावई विमानतळाच्या दारातच उभे होते, हात पुढे बांधून. काकांनी आयुष्यभर बांध कोरणारी माणसं पाहिली होती आणि ती नेमकी अशीच उभी राहायची. लेक आली नव्हती. काकांनी ते टिपून ठेवलं. विमान अजून अंगातून उतरलं नव्हतं, म्हणून दरडावणं जरा पुढे ढकललं.

“ती कुठे आहे?” एवढंच त्यांनी विचारलं.

“घरी आहे, बाबा. तीच सांगेल तुम्हाला. मला तिने सांगू नका म्हटलंय.”

“तुम्हाला सांगू नका म्हटलंय, का तुम्ही तिला सांगू नको म्हटलंय?”

जावयांनी बॅग उचलली. गाडीत फक्त काकूंनी नदीचं सांगितलं.

लेकीचं घर दोन खोल्यांचं होतं. टेबलावर काकांची नोटीस उघडी पडली होती. लेक आईच्या गळ्यात पडली, वडिलांच्या मात्र समोर उभी राहिली. काकांनी खिशातली चौघडी काढून नोटिशीशेजारी ठेवली. तिने ती वाचली नाही. तिला माहीत होतं.

“यांना काही बोलू नका, बाबा,” ती म्हणाली. “खोटं मी बोलले. हे फक्त गप्प बसले.”

मग तिने उभ्यानेच सांगितलं. चारही वेळा ती विमानतळावर गेली होती. पहिल्यांदा बाहेरच्या खुर्चीवरून उठताच आलं नाही. दुसऱ्या वेळी दारापर्यंत गेली. तिसऱ्या वेळी तिने बॅग आत पाठवली होती, ती यांना खाली उतरवून आणावी लागली. चौथ्या वेळी विमानाच्या शिडीवर चढली आणि वरच्या पायरीवरून, मागच्या माणसांना बाजूला सारत, परत खाली उतरली. यांच्या सगळ्या विभागादेखत. तेव्हापासून तिथे यांना लोक हसतात, आणि यांनी घरी येऊन एका शब्दाने काही म्हटलं नाही.

“मग बसने यायचं होतंस,” काका म्हणाले. आवाज त्यांना हवा तेवढा कडक निघाला नाही.

“बसने आले असते तर तुम्ही विचारलं असतं, बसने का. सगळ्या बिल्डिंगने विचारलं असतं. तुम्ही सगळ्यांना सांगता ना, माझी लेक कशाला भीत नाही, नऊ वर्षांची असताना विहिरीच्या काठावर टेपचं टोक धरून उभी राहिली होती.”

“होतीसच.”

“मी तेव्हाही घाबरले होते, बाबा. तुम्ही पलीकडून शाब्बास म्हणालात, म्हणून बोलले नाही.”

काका खाली बसले. वीस वर्षं त्यांनी ती विहीर अभिमानाने सांगितली होती, आणि त्या मोजणीत एवढी मोठी चूक होती. जावयांनी पाण्याचा पेला आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि पुन्हा दाराशी जाऊन उभे राहिले. काकांना आता त्यांच्याकडे बघवेना. चौदा महिने हा माणूस बायकोची लाज आपल्या अंगावर घेऊन फिरत होता, आणि आपण त्याच्या लग्नातल्या फोटोंवर संशय घेत बसलो.

मग काकांनी वही काढून लेकीच्या हातात दिली. “वाच.”

“जमिनीवर अकरा मिनिटे,” तिने वाचलं. पान उलटलं. “पुढे काही नाहीये.”

“नाहीच. पुढे मी एका परक्या माणसाची बाही धरून बसलो होतो. डोळे मिटून.”

लेकीने आईकडे बघितलं. काकू म्हणाल्या, “खरं आहे. बिचाऱ्याची इस्त्री मोडली.”

लेक हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. काकांनाही रडू आलं, पण त्यांनी ते पाण्याबरोबर गिळलं. जावयांना त्यांनी हात धरून शेजारी बसवलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, खाडाखोड न करता माफी मागितली.

रविवारी तिघं पहाटेच्या बसने निघाली. जावई सोडायला आले होते. अकरा तासांच्या वाटेत लेक सात तास बोलली आणि चार तास काकांच्या खांद्यावर झोपली. चौदा महिन्यांचं साठलेलं सगळं तिने घाटात रिकामं केलं. काकांना वळणं लागली नाहीत. विमानाने आली असती तर हे सगळं पंचावन्न मिनिटांत कसं मावलं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

संध्याकाळी पाच वाजता रिक्षातून बॅगा उतरल्या, तेव्हा विमा एजंट आणि हेडमास्तर फाटकाशीच होते. एजंटाने बॅगांवरची धूळ बघितली. “बसने?” तो म्हणाला. “जावई विमानतळावर असताना?”

लेकीचा चेहरा उतरला. ती बॅगेची चेन उगाच ओढायला लागली. काकांनी ते बघितलं. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःची वीतभर चूकही चारचौघांत कबूल केली नव्हती, नकाशा चुकला तर ते जमीन सरकली म्हणायचे. त्यांनी घसा साफ केला.

“मला विमानाची भीती वाटते,” ते मोठ्याने म्हणाले. पहिल्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघड्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं. “जाताना बसलो, फार घाबरलो. आता पुन्हा बसणार नाही. ही मला सोबत करायला म्हणून बसने आली.”

एजंट हेडमास्तरांकडे बघायला लागला, हेडमास्तर एजंटाकडे. मोजणीकाका घाबरले, यावर दोघांपैकी कोणाचाच विश्वास बसला नाही. चहाच्या वेळेपर्यंत जावयांची नोकरी गेल्याचं बिल्डिंगमध्ये ठरलं होतं, दिवेलागणीला लेक कायमची आल्याचं. काकू म्हणाल्या, अहो, लोक भलतंच बोलताहेत, जाऊन सांगा ना. काका म्हणाले, सांगितलं ना, याहून खरं माझ्याकडे नाही.

मग हेडमास्तरच वर आले. दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “काका, मला तरी खरं सांगा. या दाराबाहेर जाणार नाही.”

“खरं सांगू? मी घाबरलो होतो हो.”

हेडमास्तरांनी खुर्ची मागे सारली. “ठीक आहे,” ते दुखावून म्हणाले, “नसेल सांगायचं तर आग्रह नाही.” आणि उठून गेले.

दार लागायच्या आत आतल्या खोलीतून लेक जी हसत सुटली, ती थांबेना. चौदा महिन्यांत त्या घरात असं कोणी हसलं नव्हतं. जिन्याच्या वळणावर हेडमास्तर थांबले, त्यांनी कान देऊन ते सगळं हसणं ऐकून घेतलं आणि मग खाली जाऊन विमा एजंटाला सांगितलं, की प्रकरण आपल्याला वाटलं त्यापेक्षा गंभीर आहे.